पुस्तकाच्या आधी पोचणारा लेखक

हल्ली प्रकाशकाकडे हस्तलिखिताचा नमुना पाठवला की उत्तरादाखल एक माहितीपत्रक येतं. नाव, शिक्षण, आधीचं लेखन इथवर ठीक असतं. मग सुरू होतात समाजमाध्यमांचे रकाने. फेसबुकवर किती, इन्स्टाग्रामवर किती, यूट्यूब चॅनल आहे का, व्याख्यानं देता का, कुठे सदर चालू आहे का. पुस्तकाचा सारांश मागतात दोनशे शब्दांत आणि ही चौकशी मात्र पान-दीड पान. बऱ्याच लेखकमित्रांना यात अपमान वाटतो. मला नाही वाटत. कागद, छपाई, गोदाम यांत स्वतःचे पैसे अडकवणाऱ्या माणसाने ‘हे घेणार कोण?’ असं विचारलं तर त्यात वावगं काय आहे? माझी कुरकुर फक्त मापाबद्दल आहे.

२०२१ साली बिली आयलिश या गायिकेचं छायाचित्रांचं पुस्तक आलं. इन्स्टाग्रामवर तेव्हा तिचे साडेनऊ कोटींहून जास्त फॉलोअर्स होते. त्या वर्षाअखेरपर्यंत अमेरिकेत पुस्तकाच्या छापील प्रती खपल्या ६४ हजारांच्या आसपास. तुमच्या-माझ्यासारख्याला ६४ हजार म्हणजे स्वर्ग दोन बोटं उरला, पण साडेनऊ कोटींशी भागाकार करून बघा. हजारात एकही पुरता भरत नाही. फॉलो करायला अंगठा पुरतो, तोही जेवता जेवता, बसमध्ये लोंबकळत. पुस्तकाला पैसे लागतात, शोधाशोध लागते आणि कुणी हाक मारणार नाही असे काही तास लागतात.

हे आकडे ऐकले की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. चांगलं पुस्तक आपली वाट आपण काढतं, म्हणतात. त्यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. २०१३च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या लेखकाची रहस्यकादंबरी आली. परीक्षणं चांगली आली. पुठ्ठाबांधणीच्या प्रती ब्रिटनमध्ये खपल्या दीडेक हजार. जुलैत बिंग फुटलं, गॅलब्रेथ म्हणजे दस्तुरखुद्द ‘हॅरी पॉटर’वाल्या जे. के. रोलिंग. मग तीच कादंबरी विक्रीच्या यादीत थेट वर जाऊन बसली. मजकुरात एका काना-मात्रेचा फरक पडला नव्हता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्या मते एक गाठ सुटते. रोलिंग हे नाव लोकांना गोष्ट सांगण्यासाठी माहीत होतं, म्हणून ते गोष्टीच्या पुस्तकाला लागू पडलं. आयलिश हे नाव लोकांना गाण्यासाठी माहीत होतं. तिची गाणी ऐकणाऱ्यांना पुस्तक हवंच होतं असं नाही. ओळख किती मोठी हे नंतर बघावं, आधी ती कशाची आहे ते बघावं. माहितीपत्रकात नेमका हाच रकाना नसतो.

माझं स्वतःचं सांगते. मी जे पुस्तक लिहिते आहे ते ऐकू कमी येणाऱ्या माणसांबद्दल आणि त्यांच्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांबद्दल आहे. माझ्या वडिलांचं ऐकणं कमी होत गेलं, तिथून ते सुरू झालं. वयोमानाने ऐकू येईनासं होतं तेव्हा बहुतेकदा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. भाषेत ते म्हणजे स, श, फ, थ, च यांसारखी व्यंजनं. स्वर खालच्या पट्टीतले, ते बऱ्यापैकी शाबूत राहतात. त्यामुळे समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. “ऐकू येतंय गं, उमगत नाही,” हे बाबांचं वाक्य शास्त्राला धरून होतं आणि आम्ही त्याला हट्टीपणा म्हणत होतो. ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि वर घरात भांडण चालल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

असा विषय. मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञही नाही. मग माझं ऐकायचं कुणी आणि का?

इथे कथा-कादंबरीवाल्यांचा आणि आमचा रस्ता वेगळा होतो. कादंबरीकाराकडे वाचक पदवी मागत नाही. पहिल्या दोन पानांत पकडलंस तर पकडलंस. एलेना फेरान्ते या टोपणनावाने लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेची पहिली कादंबरी १९९२ची. तिने कधी चेहरा दाखवला नाही, समारंभाला गेली नाही, आणि पुस्तकं जगभर गेली. (तिचं उदाहरण आळशी लेखकांना फार आवडतं. इंग्रजी अनुवादांतून तिचं नाव जगभर दुमदुमायला पुढे वीस वर्षं जावी लागली, हे ते सांगत नाहीत.) कथेतर पुस्तकाचं तसं नाही. आपल्या आईच्या कानाबद्दल कुणाचं ऐकायचं हे ठरवताना माणूस दहादा विचार करणार, आणि करावाच. मला जे उभं करायचं होतं ते प्रसिद्धीपेक्षा या दहा विचारांना उत्तर म्हणून.

तरी स्वतःची जाहिरात म्हटली की अंग चोरणारी एक जात असते, त्यातली मी. त्यामुळे अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचं वाचून मला फार बरं वाटलं. ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा कवितासंग्रह त्याने १८५५ साली स्वखर्चाने काढला. लोकांनी दखल घ्यावी म्हणून त्याची परीक्षणं त्याने स्वतःच, निनावी, लिहून छापून आणली. एक नाही, निदान तीन. त्या काळचा नावाजलेला अमेरिकन विचारवंत इमर्सन याने खासगी पत्रातून कौतुक कळवलं, तर गड्याने परवानगीबिरवानगी न विचारता त्यातली ओळ दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापली, इमर्सनच्या नावासकट. आजच्या भाषेत सांगायचं तर बनावट रिव्ह्यू आणि स्क्रीनशॉट व्हायरल. निनावी परीक्षणांचा भाग अर्थातच गैर आहे, तो कुणी गिरवू नये. पण मला गंमत वाटते ती पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठामागच्या पानाची. तिथे लेखकाचं नावच नाही. आहे ते एक चित्र: साधा कामकरी सदरा, गळ्याशी उघडा, डोक्यावर कलती हॅट, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. कवी म्हणजे काळा कोट आणि गंभीर दाढी अशी अपेक्षा असलेल्या काळात हा माणूस रस्त्यावरून नुकताच आत आल्यासारखा उभा आहे. नाव येतं ते पुढे कवितेच्या आत. आपल्याकडच्या अभंगांत ‘तुका म्हणे’ येतं तसंच की! त्या चित्राने वाचकाला सांगितलं की पुढची कविता कोणत्या आवाजात येणार आहे. लेखकाच्या फोटोकडून याहून जास्त काय हवं असतं? मागे पुस्तकांचं कपाट आणि हनुवटीखाली मूठ असे जे फोटो आपण काढून घेतो, त्यांतून एवढंच कळतं की फोटोग्राफरकडे कपाट आहे.

फोटोपेक्षा मला जड गेला तो परिचय. तीन ओळींचा मजकूर, पण तो सगळीकडे जातो: लेखाखाली, कार्यक्रमाच्या पत्रिकेत, विक्रीच्या पानावर, मलपृष्ठावर. पहिला खर्डा असा होता: ‘लेखिका, अभ्यासक व वक्त्या. मानवी संवाद या विषयाचं सखोल चिंतन. विविध नियतकालिकांतून विपुल लेखन.’ यातलं एक अक्षरही खोटं म्हणता येणार नाही आणि खरं आहे म्हणून कुणाचं काही भलंही होणार नाही. हाच मजकूर माझ्या नावाखालून काढून कुणाच्याही नावाखाली चिकटवा, चालेल. दुसरा खर्डा उलट्या बाजूला पडला: ‘या विषयातली मी जाणकार नाही, तरी एक अल्पसा प्रयत्न.’ विनय आपल्याला लहानपणापासून चांगला मुरलेला असतो, पण मलपृष्ठावर तो वाचकाच्या अंगावर येतो. अल्पसा प्रयत्न असेल तर बाई, मी पैसे का देऊ?

शेवटी जो टिकला तो हा: ‘वडिलांचं ऐकणं कमी झाल्यापासून त्यांच्याशी कसं बोलावं हे शिकते आहे. ऐकू कमी येणारी माणसं आणि त्यांच्या घरातली माणसं यांच्याबद्दल लिहिते. कानाच्या तपासणीविषयीचा मजकूर ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घेतलेला असतो.’ पहिल्या वाक्यात माझा अधिकार कुठून आला ते आहे, दुसऱ्यात हद्द आहे. तिसऱ्याने मला कामाला लावलं, कारण एकदा असं छापलं की खरोखरच प्रत्येक वेळी तपासून घ्यावं लागतं. ज्या ऑडिओलॉजिस्ट बाई हे करतात त्या लाल शाईने लिहितात आणि ‘साधारणपणे’ हा शब्द जागोजाग घुसडतात. माझी वाक्यं त्यामुळे मंदावतात. पण त्यांचं बरोबर असतं.

नावाचंही बघून घ्यावं लागलं. एका लेखावर आद्याक्षरं, दुसऱ्यावर पूर्ण नाव, तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव असं असलं की शोधणाऱ्याला तीन बाया सापडतात. ग्रंथालयं आणि प्रकाशकांना हा घोळ इतका छळतो की नावं वेगळी ओळखता यावीत म्हणून आयएसएनआय नावाचा १६ अंकी क्रमांक त्यांनी काढला; २०१२ साली त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. क्रमांक मिळेल तेव्हा मिळो, एकच नाव एकाच प्रकारे लिहिणं आपल्या हातात आहे.

मग हे सगळं मांडायचं कुठे? लोक जिथे असतात तिथे, हे उत्तर सोपं आहे, पण लोक तिथेच राहतील याची हमी कुणी द्यावी? ऑर्कुट २०१४ साली बंद झालं, गूगल प्लस २०१९ साली. तिथे गोतावळा जमवलेल्यांना नव्या ठिकाणी पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. बंद न पडलेली माध्यमंही आपल्या लेखनातलं काय कुणाला दाखवायचं ते स्वतःच ठरवतात. म्हणून मी ईमेलने जाणारं पत्र निवडलं. त्यात झगमगाट नाही. पण पत्ते वाचकांनी स्वतःहून दिलेले असतात, ती यादी फाइल म्हणून माझ्याकडे उतरवून घेता येते, आणि उद्या ही सेवा बंद पडली तर दुसरीकडून तेच पत्र त्याच माणसांना पाठवता येतं. फेसबुकवर मी असते, नाही असं नाही. तिथे दारावरची पाटी लावते. बोलणं पत्रात.

पत्रात काय द्यायचं, यावर लेखकांत दोन तट आहेत. ‘सगळं आधीच फुकट दिलंत तर पुस्तक कोण घेईल?’ ही भीती मला फारशी पटत नाही. अँडी वेअरने ‘द मार्शियन’ ही मंगळावर एकट्या अडकलेल्या माणसाची कादंबरी आपल्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून टाकली होती, फुकट. त्याआधीची अनेक वर्षं तो तिथे कथा टाकत होता, त्यातून काही हजार वाचक जमले होते. हे वाचक विज्ञानाचे किडे. कुठे रसायनशास्त्र चुकलं, कुठे गणित, ते कळवायचे, आणि तो दुरुस्त करायचा. पुढे त्यांच्याच आग्रहाखातर त्याने किंडलवर ९९ सेंट्सला पुस्तक ठेवलं, कारण तिथे त्याहून कमी किंमत लावता येत नव्हती. फुकट असलेलं पुस्तक लोकांनी पैसे देऊन घेतलं. २०१४ साली मोठ्या प्रकाशकाने ते छापलं. ही कहाणी सहसा ‘बघा कसं नशीब उघडलं’ या सुरात सांगतात. मला त्यातला चुका कळवणाऱ्यांचा भाग मोलाचा वाटतो. तो भाग पुस्तक छापून झाल्यावर घडला असता तर फार तर शुद्धिपत्र निघालं असतं.

माझ्याकडे वेअरइतके वाचक नाहीत. पण एक पत्र आलं. मी तोवर लिहीत होते ते असं: समोर बसून बोला, चेहऱ्यावर उजेड असू द्या, तोंडावर हात नको, न कळलं तर तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगा, टीव्ही आधी बंद करा. लोकांना उपयोग होत होता, तसं ते कळवत होते. मग एका बाईंचा मेल आला, त्यांना स्वतःला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. त्यांनी लिहिलं होतं: “तुमची पत्रं छान असतात. पण आमच्याशी कसं बोलायचं ते तुम्ही ऐकू येणारे एकमेकांना सांगताय. आम्हाला कुणी काही सांगणार आहे का? दहा माणसांच्या जेवणात मी कुठे बसावं? ‘काय म्हणालात?’ हे मी तिसऱ्यांदा विचारावं की हसून मान डोलवावी? कानातलं मशीन शिटी वाजवतं तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात, त्याचं काय करू?”

शिटीचं उत्तर मला माहीत होतं. मशीनमधून बाहेर निसटलेला आवाज पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि फेऱ्या मारत राहतो, म्हणून ते वाजतं. कानातला भाग नीट न बसणं किंवा कानात मळ साठणं ही नेहमीची कारणं. मान डोलवण्याचं उत्तर मात्र कुठल्याच ऑडिओलॉजिस्टकडे नसणार. ते विचारायला मला तशाच माणसांकडे जावं लागलं, आणि त्यातून एक अख्खं प्रकरण निघालं, सातवं, जे आराखड्यात नव्हतं. हसून मान डोलवायची सवय किती जणांना आहे आणि त्यापायी काय काय सह्या झाल्या, कोणती आमंत्रणं स्वीकारली गेली, कोणत्या औषधाच्या गोळ्या उलटसुलट घेतल्या गेल्या, हे ऐकून मी थक्क झाले. पुस्तकाआधी वाचक गाठायचे ते यासाठी, असं आता मी ठामपणे म्हणते. विक्री वाढली तर दुधात साखर.

विक्रीचं गणित तसंही सांगितलं जातं तितकं गोड नाही. अमेरिकन लेखक केव्हिन केली यांनी २००८ साली मांडलेली ‘एक हजार खरे चाहते’ ही कल्पना लेखकांच्या प्रत्येक शिबिरात ऐकवतात: हजार माणसं मनापासून तुमची असली की तुमचं पोट भरतं. मूळ हिशेबात दर चाहत्यामागे वर्षाला १०० डॉलर उरायला हवेत, हे मात्र ऐकवणारे गाळतात. गायकाला ते जमेल, त्याचे कार्यक्रम असतात, टी-शर्ट असतात. लेखकाचं एक पुस्तक एका वाचकाने एकदा घ्यायचं, त्यातून छापील किमतीच्या दहाएक टक्के लेखकाच्या हाती पडायचे, आणि पुढचं पुस्तक यायला चार वर्षं. एका पुस्तकावर घर चालवायला निघालेल्याला हजार चाहते पुरायचे नाहीत. पण हजार माणसांनी वाचलं, त्यातल्या शंभरांनी आपल्या भावा-बहिणीला दिलं, तर माझ्या विषयाच्या पुस्तकाला ती चांगली सुरुवात आहे. फॉलोअर्स विकत घेणं, एकमेकांच्या पुस्तकांना पाच-पाच तारे वाटणं यावर शाई घालवत नाही. वाचक तेवढा भोळा नसतो.

अवघड प्रश्न राहिला तो बाबांचा. लेखकाने ‘माणूस म्हणून’ समोर यावं असा सल्ला सगळे देतात, आणि माझं माणूसपण या विषयात बाबांच्या कानातून जातं. एका व्हिडिओत त्यांना सोबत बसवा, प्रतिसाद दसपट येईल, असं मला एका हितचिंतकाने सांगितलं. येईलही. मी बाबांना समोर बसवून, टीव्ही बंद करून, विचारलं. ते म्हणाले, “माझं नाव नको, फोटो नको. आणि मी चुकीचं ऐकल्याचे विनोद सांगायचे असतील तर आधी मला सांग, मी त्यातले चांगले निवडून देतो.” तेव्हापासून असा प्रत्येक किस्सा आधी त्यांच्याकडे जातो. दोन त्यांनी बाद केले. त्यातला एक, लिहिणारी म्हणून सांगते, माझ्याकडचा सर्वांत उत्तम किस्सा होता. हळहळ वाटते, पण तो त्यांच्या मालकीचा आहे.

या सगळ्यात वेळ जातो आणि तो पुस्तकाच्याच वेळातून जातो, हे कुणी स्पष्ट बोलत नाही. पत्र लिहून पाठवलं की तासाभरात कुणीतरी ‘आवडलं’ म्हणतं. प्रकरण लिहिलं की वर्ष-वर्ष कुणी काही म्हणत नाही. मन साहजिकच पत्राकडे धावतं. मी काही काळ आठवड्याला पत्र पाठवत होते, आता महिन्याला पाठवते. यादी वाढायचा वेग कमी झाला, पण यादीतलं फारसं कुणी गेलं नाही. एका यूट्यूब चॅनलने मुलाखतीसाठी विचारलं आहे. त्यांना मी दोन गोष्टी कळवल्या: खाली मराठी अक्षरं उमटवणार असाल तरच येईन, कारण ज्यांच्याबद्दल बोलणार त्यांना ते कळायला हवं, आणि सातवं प्रकरण अजून अर्धं आहे, तेव्हा तारीख पुढच्या महिन्यानंतरची द्या. अक्षरांचं त्यांनी कबूल केलंय. तारखेचं कळवतो म्हणालेत.